यंत्रवाद्यांचा नाद आणि यदृच्छेचा फासा

तंबोरा लावीत बसलेल्या गवयास ज्यांनीं जवळून पाहिलें आहे, त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहिली नसेल. वाद्य अवघें चार तारांचें. परंतु तें लावावयाचें म्हणजे आधीं खुंट्या पिळावयाच्या, मग मणी सरकवावयाचे, आणि सर्वांत शेवटीं घोडीवरील दोरा केसभर मागें-पुढें करून जवारी साधावयाची. खुंटीनें सूर चढतो वा उतरतो, मण्यानें तो नेमका जुळतो, आणि जवारीनें त्या सुराचा रंग पालटतो. अशा रीतीनें चार तारांच्या ह्या साध्या वाद्यासहि नादाचें रूप ठरविणारीं बारा स्थानें आहेत, आणि तीं एकमेकांशीं जुळवितां जुळवितां चांगल्या गवयाचा बराच वेळ सहज निघून जातो.

आतां वाचकांनीं अशा वाद्याची कल्पना करावी कीं, ज्यास बारा नव्हे, तर १४५ स्थानें आहेत. आणि त्यांतील एक हललें असतां दुसऱ्या दहांचा परिणाम बदलतो. हें वाद्य काल्पनिक नाहीं. जपानांतील यामाहा कंपनीनें १९८३ सालीं डीएक्स-७ नांवाचा जो सिंथेसायझर विक्रीस काढला, त्याच्या एकेका नादाचें वर्णन बरोबर १४५ अंकांनीं होतें. हें वाद्य लाखावर लोकांनीं विकत घेतलें. पण त्यांतील पुष्कळांनीं कारखान्यांतून भरून आलेले नादच वर्षानुवर्षें वाजविले, असें त्या काळच्या गाण्यांवरून दिसतें. नवा नाद घडविणें त्यांस जमलें नाहीं ह्यांत नवल तें कोणतें? अशा वाद्यांतील अंक संगणकाकडून यदृच्छेनें, म्हणजे फासा टाकल्याप्रमाणें, भरून घेऊन नवे नाद शोधण्याची जी एक रीत अलीकडे फार रूढ झाली आहे, तिची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सिंथेसायझर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. पेटींत पितळी स्वरपट्टी हवेनें कांपते, सतारींत तार कांपते. सिंथेसायझरांत विजेचा प्रवाहच कांपविला जातो आणि कर्ण्यांतून त्याचा नाद होतो. त्या कंपनाचा वेग किती, आकार कसा, त्यांतील तीव्र भाग गाळावा कीं ठेवावा, नाद एकदम उठावा कीं हळूहळू चढावा, बोट उचलल्यावर तो किती वेळ रेंगाळावा, हें सर्व खुंट्यांनीं वा अंकांनीं ठरवितां येतें. ड्रम मशीन हें त्याचेंच भावंड. त्याचें काम तालाचें. म्हणून त्यांत ढोलाचा ठोका, झांजेचा खणखणाट, टाळीचा आवाज असे निरनिराळे नाद असतात आणि प्रत्येकास स्वतःच्या दोन-चार खुंट्या असतात. जपानच्याच रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ ह्या यंत्रांत मोठ्या ढोलाचा ठोका किती वेळ घुमावा ह्यासाठीं एक स्वतंत्र खुंटी आहे. ती पुरी फिरविली कीं ठोका हा ठोका न राहतां लांबलचक हुंकार होतो, आणि पुढें ह्या हुंकारावरच संगीताचे कांहीं प्रकार उभे राहिले.

डीएक्स-७ ची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. गवई एखाद्या स्वरावर आंदोलन घेतो, तेव्हां तो स्वर सेकंदांत पांच-सहा वेळां किंचित् वर-खालीं होतो व आपल्या कानास तें हेलकावणें स्पष्ट कळतें. हेंच हेलकावणें सेकंदांत शेंकडों वेळां झालें तर काय होईल? कानास हेलकावा मुळींच ऐकूं येत नाहीं. त्याऐवजीं स्वराचा रंगच बदललेला भासतो! बासरीसारखा साधा स्वर घंटेसारखा, कांसेसारखा, कधीं भसाड्या शिंगासारखा होतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग यांस ही गोष्ट १९६७ सालीं आढळली, आणि तिचेच हक्क घेऊन यामाहानें आपलें वाद्य बनविलें. त्यांत असे सहा कंपक असतात. कोणता कंपक कोणास हालवितो आणि कोणाचा नाद प्रत्यक्ष बाहेर पडतो, ह्याच्या ३२ रचना ठरवून दिलेल्या आहेत. प्रत्येक कंपकाचे २१ अंक, सहांचे मिळून १२६, आणि सर्वांस समाईक असे १९, एकूण १४५.

ह्या अंकांपैकीं पुष्कळांस ० पासून ९९ पर्यंत कोणतेंहि मान देतां येतें. कांहींस आठच पर्याय, कांहींस दोनच. तरी सर्वांचा गुणाकार केला असतां जी संख्या येते ती एकावर २२५ शून्यें मांडून होणाऱ्या संख्येहूनहि मोठी आहे. गणितप्रिय विद्यार्थ्यांनीं ही आकडेमोड अवश्य करून पाहावी. एका सेकंदास एक नाद ह्या वेगानें विश्वाच्या आरंभापासून आजपर्यंत कोणी ऐकत बसला असता, तरी त्याचे ऐकून झालेले नाद अठरा अंकी संख्येंत मावले असते. ह्या महासागरांत गोड, उपयोगी व अपूर्व असे नाद आहेत ह्यांत शंका नाहीं. प्रश्न इतकाच कीं त्यांच्यापर्यंत पोंचावें कसें? डीएक्स-७ वर तर खुंट्याहि नाहींत. सपाट बटणें व एक सरकती दांडी. बटण दाबून अंक निवडावयाचा आणि दांडीनें त्याचें मान बदलावयाचें. एका अंकास दहा सेकंद धरले तरी १४५ अंक भरण्यास चोवीस मिनिटें लागतात, आणि एवढ्या खटाटोपानंतर कदाचित् कांहींच ऐकूं येत नाहीं!

येथें संगणक मदतीस येतो; पण तो वाद्याशीं बोलणार कसा? १९८३ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनांत दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. एकाच्या पट्ट्या दाबल्या कीं दुसरें वाजे. ह्या समाईक भाषेस मिडी म्हणतात. सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ व रोलँडचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. २०१३ सालीं उभयतांस त्याबद्दल ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक सन्मान मिळाला. मिडीच्या तारेंतून सेकंदास ३१,२५० विद्युत्खुणा जातात. आजच्या मानानें हा वेग बैलगाडीचा आहे, तरीपण चाळीस वर्षांनंतरहि तीच बैलगाडी बिनतक्रार चालू आहे.

मिडींतील एक साधा निरोप तीन अंकांचा असतो. उदाहरणार्थ १७६, ४४, ६३. ह्यांतील १७६ चा अर्थ 'पहिल्या चॅनेलवरील वाद्यानें आपली एक खुंटी फिरवावी'. ४४ म्हणजे कोणती खुंटी. आणि ६३ म्हणजे किती. खुंटीचें मान ० पासून १२७ पर्यंतच असूं शकतें. कारण ह्या अंकासाठीं द्विमान पद्धतीचीं सातच घरें राखलेलीं आहेत आणि सात घरांत १२८ च निरनिराळ्या मांडण्या होतात. कॉर्ग कंपनीच्या व्होल्का कीज् ह्या लहानशा सिंथेसायझरांत ४४ हा क्रमांक नाद गाळणाऱ्या गाळणीचा आहे. दुसऱ्या वाद्यांत तोच क्रमांक भलत्याच खुंटीचा असेल. म्हणून प्रत्येक वाद्याच्या पुस्तिकेच्या शेवटीं जो क्रमांकांचा तक्ता छापलेला असतो, तो ह्या खेळाचा खरा नकाशा होय. बहुतेक लोक तीं पानें न उघडतांच पुस्तिका कपाटांत ठेवतात, ही खेदाची गोष्ट आहे.

ह्याशिवाय मिडींत एक लांब पत्रहि असतें. त्याचा आरंभ २४० ह्या अंकानें व शेवट २४७ ह्या अंकानें होतो, आणि मधल्या मजकुरांत आरंभींच कंपनीचा ओळख-अंक असतो. रोलँडचा ६५, कॉर्गचा ६६, यामाहाचा ६७. ज्या वाद्याचें नांव पत्रावर नाहीं तें पत्र मुकाट्यानें सोडून देतें. डीएक्स-७ चा एक संपूर्ण नाद अशा १६३ अंकांच्या एका पत्रांत मावतो. तें पत्र तारेंतून पोंचण्यास सेकंदाच्या विसाव्या भागाहून किंचितच अधिक वेळ लागतो. हातानें चोवीस मिनिटांचें काम तें पापणी लवण्याच्या आंत!

आतां फासा. संगणक हा हिशेबी प्राणी. त्यास सोंगट्या खेळणाऱ्याप्रमाणें हातांत कवड्या खुळखुळवितां येत नाहींत. मग तो यदृच्छेचे अंक आणतो कोठून? ह्याची एक सोपी रीत कागद-पेन्सिलीनें करून पाहण्यासारखी आहे. ७ हा अंक घ्यावा. त्यास पांचांनीं गुणून तीन मिळवावे, आलेल्या संख्येस सोळांनीं भागावें आणि बाकी तेवढी ठेवावी. ३८ ला १६ नीं भागतां बाकी ६. पुन्हा तेंच, ३३ ची बाकी १. मग ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४, आणि पुन्हा ७. सोळाहि अंक एकेकदां आले, आणि क्रम पाहणारास त्यांत कांहींच शिस्त दिसत नाहीं. प्रत्येकास आठांनीं गुणलें कीं ५६, ४८, ८, ६४ अशीं खुंट्यांचीं मानें तयार. ह्या जातीच्या रीतीची मूळ कल्पना अमेरिकन गणिती डी. एच्. लेहमर यांनीं १९४९ सालीं मांडली. आजच्या आज्ञावलींतील रीती अर्थातच पुष्कळ खोल आहेत; जपानी गणिती मात्सुमोतो व निशिमुरा यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत क्रम परत फिरून येण्यापूर्वीं निघणाऱ्या अंकांची संख्या सहा हजारांहून अधिक आंकड्यांची आहे. पण तत्त्व तेंच. आरंभीच्या अंकास बीज म्हणतात, आणि तेंच बीज पुन्हा पेरलें तर तेंच पीक येतें. म्हणून आवडलेल्या नादाचें बीज टिपून ठेवलें तर तो नाद हरवत नाहीं. कवड्यांच्या खेळांत ही सोय नाहीं.

तर मग काम झालें, असें कोणासहि वाटेल. प्रत्येक घटकासाठीं एक अंक काढावा, पत्र तयार करावें, तारेंतून धाडावें व ऐकावें. आम्ही खात्रीनें सांगतों कीं असें केल्यास पहिल्या वीस नादांपैकीं बरेचसे निरुपयोगी निघतील, आणि त्यांचे प्रकारहि ठरलेले आहेत. कांहीं नाद मुळीं ऐकूंच येणार नाहींत. कारण ज्या कंपकाचा आवाज बाहेर पडावयाचा त्याचेंच प्रमाण फाशानें अगदीं अल्प ठरविलें. कांहीं नुसते खरखरतील. कारण सहा कंपकांच्या कंपसंख्यांत कसलेंच साधें प्रमाण राहिलें नाहीं, आणि एकमेकांशीं साधें प्रमाण नसलेल्या कंपनांचा मेळ कानास गोड लागत नाहीं, हें तंबोरा जाणणाऱ्यांस सांगावयास नको. आणि कांहीं नाद एकदां सुरू झाले कीं थांबावयाचेच नाहींत! ह्या शेवटच्या प्रकाराचें कारण मोठें मौजेचें आहे. डीएक्स-७ मध्यें प्रत्येक कंपकाच्या चढ-उताराचे चार टप्पे असतात, आणि बोट उचलल्यावर नाद चौथ्या टप्प्याच्या पातळीवर जाऊन स्थिरावतो. ती पातळी शून्य असेल तर नाद विझतो. फाशानें ती ६० ठरविली तर बोट उचललें काय आणि पट्टीस लावून ठेवलें काय, नाद तसाच चालू राहतो.

म्हणून चांगली आज्ञावली आंधळा फासा टाकीत नाहीं. ती फाशास कुंपण घालते. बाहेर ऐकूं येणाऱ्या कंपकांची चौथी पातळी शून्यावर खिळवावी. त्यांचें प्रमाण ८० च्या खालीं जाऊं देऊं नये. कंपसंख्येच्या ३२ पर्यायांपैकीं लहान पूर्णांक अधिक वेळां यावेत अशी योजना करावी. बारीक फरकाचा जो अंक असतो तो पुष्कळदां शून्यच राहूं द्यावा. एवढीं चार कुंपणें घातलीं कीं वीसांतले पांच-सहा नाद तरी ऐकण्यासारखे निघूं लागतात. कोणतीं कुंपणें घालावीं हें मात्र आज्ञावलीस आपोआप कळत नाहीं. ज्यास त्या वाद्याचें अंतरंग ठाऊक आहे त्यानेंच तें सांगावें लागतें. यदृच्छेचा उपयोग करण्यास ज्ञान लागत नाहीं अशी जी समजूत आहे ती येथें खोटी पडते.

ड्रम मशीनच्या बाबतींत कुंपणांचें महत्त्व आणखीच वाढतें. सिंथेसायझरचा नाद चमत्कारिक झाला तर त्यास अपूर्व म्हणून सोडून देतां येतें. पण तालांत प्रत्येक ठोक्याचें एक ठरलेलें काम आहे. तबल्यावर डग्ग्यानें डग्ग्याचें व चाटेनें चाटेचें काम केलें पाहिजे. मोठ्या ढोलाचा सूर फाशानें इतका चढविला कीं तो टिमकीसारखा वाजूं लागला, तर ठेका कोसळतो. म्हणून ढोलाची उंची खालच्या तिसऱ्या हिश्शांत, झांजेची लांबी आंखूड, असें प्रत्येकाचें क्षेत्र आधींच आंखून द्यावें. आणि आवाजाच्या मोठेपणाच्या खुंट्या फाशाच्या हातीं मुळींच देऊं नयेत. एक युक्ति आम्हांस विशेष उपयोगी वाटते. ठेका एकसारखा चालूं ठेवून दर चार आवर्तनांनीं फक्त एका वाद्याच्या खुंट्या बदलाव्या. बाकीचे नाद स्थिर असल्यामुळें काय बदललें तें कानास चटकन् कळतें.

कुंपणाइतकीच दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावलाचें माप. हातीं एखादा बरा नाद लागला आहे, पण त्यांत कांहीं उणीव भासते. अशा वेळीं सगळे अंक नव्यानें काढणें म्हणजे घराचें कौल फुटलें म्हणून घर पाडणें होय. त्याऐवजीं प्रत्येक अंक आहे त्याच्या आसपास, शंभरांत पांच-दहा एवढाच, हालवावा. परंतु येथें एक अडचण उभी राहते. गाळणीचें मान ६० वरून ६४ वर नेणें ह्यास अर्थ आहे. पण नादलहरीचा आकार करवतीच्या दातांसारखा असावा कीं चौकोनी, ह्यांत 'थोडेंसें' असें कांहीं नाहीं. आंबा किंवा फणस. मधलें फळ नाहीं. डीएक्स-७ च्या ३२ रचना अशाच आहेत. चौथी रचना पांचवीच्या शेजारीं छापली आहे एवढ्यावरून त्यांचे नाद शेजारी ठरत नाहींत. म्हणून मापाचे घटक आणि जातीचे घटक असे दोन वर्ग करून, पहिल्यांस हळू ढकलावें व दुसऱ्यांस क्वचितच हात लावावा, हें उत्तम.

ह्या सर्व विचाराचें सुंदर उदाहरण म्हणजे एडिसिन नांवाची आज्ञावली होय. अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकविणारे शॉन ल्यूक यांनीं ती तयार केली असून ती सर्वांस विनामूल्य मिळते. तिच्यांत अनेक कंपन्यांच्या वाद्यांचे तक्ते भरलेले आहेत. ती एका नादापासून सोळा भिन्न नाद तयार करून एकामागून एक ऐकविते. ऐकणारानें त्यांतील उत्तम असे तीन निवडून त्यांस पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्यावयाचे. मग त्या तिघांच्या अंकांची सरमिसळ करून व किंचित् बदल करून ती पुढचे सोळा काढते. शेतकरी ज्याप्रमाणें चांगलीं कणसें बियाण्यास राखतो व पुढल्या वर्षीं त्यांतूनहि पुन्हा निवड करतो, त्याप्रमाणेंच हें आहे. पांच-सहा पिढ्यांत नाद कोठल्या कोठें जाऊन पोंचतो, पण प्रत्येक पायरीवर निवड माणसाच्या कानाचीच असते. स्वीडनमधील संगीतकार पाले डालस्टेड यांनीं २००१ सालीं म्यूटासिंथ नांवाच्या आज्ञावलींत असाच मार्ग दाखविला होता. अलीकडे तर आज्ञावली वेगळी बसविण्याचीहि गरज उरली नाहीं. २०१५ पासून क्रोम ब्राउझरच्या पानांतूनच मिडीचे निरोप धाडतां येऊं लागले, आणि थोडी जावास्क्रिप्ट शिकलेला विद्यार्थी स्वतःच असा फासा लिहूं शकतो.

सर्वच यंत्रांवर मात्र हा प्रयोग चालत नाहीं. टीआर-८०८ मधील नाद विजेच्या मंडलांतून निघतात व खुंट्या त्या मंडलांसच जोडलेल्या असतात. त्या फिरविण्यास बोटेंच हवींत, संगणकाचा निरोप तेथें पोंचत नाहीं. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ह्याच यंत्रावर व त्याच्या जोडीच्या रोलँड वाद्यांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हां तिच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हा निघाली तेव्हां, हें संगीत पुढें अमेरिकेंत गाजलेल्या एका नृत्यसंगीताच्या प्रकाराशीं किती मिळतें आहे हें पाहून जगभरचे रसिक थक्क झाले. तो सारा नाद हातानें खुंट्या फिरवून साधलेला आहे, हें आमच्या फासेबहाद्दरांनीं ध्यानांत ठेवावें. रोलँडनें २०१४ सालीं काढलेल्या टीआर-८ ह्या नव्या यंत्रास मात्र खुंट्यांचे निरोप कळतात.

कित्येक पालक ह्यावर विचारतील कीं, हा तर जुगार झाला. ह्यांत कला कोठें? हा आक्षेप जुना आहे. १७९२ सालीं मोझार्टच्या नांवावर एक फाशांचा खेळ छापण्यांत आला. त्याचा कर्ता खरोखर मोझार्टच होता किंवा नाहीं ह्याबद्दल विद्वानांस संशय आहे. दोन फासे टाकून आलेल्या बेरजेप्रमाणें तक्त्यांतून एकेक स्वरखंड उचलावयाचा. असें सोळा वेळां केलें कीं एक नाचाची गत तयार. प्रत्येक वेळीं अकरा पर्याय, म्हणून खंड १७६. परंतु ते खंड कोणतेहि निघाले तरी सुसंगत लागावेत अशा बेतानें आधींच रचलेले होते. श्रम फासा टाकणाराचे नव्हते. तक्ता करणाराचे होते. १९५१ सालीं जॉन केज ह्या अमेरिकन संगीतकारानें चिनी ग्रंथाच्या आधारें नाणीं उडवून पियानोची एक मोठी रचना केली. तींतहि कोणते प्रश्न नाण्यांस विचारावयाचे हें त्यानेंच ठरविलें होतें. आमचें मत असें कीं, कुंपण घालणें आणि निवड करणें ह्या दोन कामांत कला आहे. मधला फासा हा नुसता हमाल.

तरी पालकांच्या शंकेंत एक सत्यांश आहे व तो आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. जो मुलगा वाद्य हातीं येतांच पहिल्या दिवसापासून फासाच टाकीत बसतो, त्यास शंभर नाद मिळतात पण एकाचेंहि कारण कळत नाहीं. आणि उद्यां त्यांतील एखादा किंचित् मऊ करावयाचा म्हटलें कीं तो हतबल होतो. त्यानें पहिला महिना फाशास शिवूं नये. गाळणी काय करते, चढ-उताराचे टप्पे काय करतात, हें एकेक खुंटी फिरवून कानानें शिकावें. नंतर फासा घ्यावा, आणि आवडता नाद मिळाला कीं उलट तपासणी करावी; म्हणजे जुन्या नादाचे व नव्या नादाचे अंक शेजारीं मांडून, एकेक अंक जुन्या मानावर परत नेऊन पाहावा. ज्या अंकानें नादाची जान गेली, तोच त्याचा प्राण. ह्या तपासणींत एका संध्याकाळीं जें शिक्षण होतें तें पुस्तिकेच्या दहा वाचनांनीं होत नाहीं.

कानाची काळजी हा विषय पालकांनीं विशेष मनावर घ्यावा. यदृच्छेच्या नादांत पुढचा कसा येईल ह्याचा भरंवसा नसतो. अगदीं मंद नादानंतर एकदम शिट्टीसारखी किंकाळी उठते. हेडफोन कानावर असतां ती पडद्यावरच आदळते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ च्या मानकांत प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल व मुलांसाठीं तितकाच वेळ ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज जसा वाढेल तशी ही मुदत झपाट्यानें घटते. म्हणून फासा टाकतांना हेडफोन काढून ठेवावे, लहान स्पीकर मंद ठेवावा, आणि आवाजाची मुख्य खुंटी हाताच्या टप्प्यांत असूं द्यावी. एकदां गेलेली श्रवणशक्ति कोणत्याहि बीजापासून परत उगवत नाहीं.

दुसरी काळजी साठवणीची. एकेकटा नाद पाठविला तर तो वाद्याच्या तात्पुरत्या जागेंत उतरतो. तेथें त्याचें कांहीं बिघडत नाहीं व दुसऱ्या कोणाचें तो कांहीं बिघडवीत नाहीं. पण डीएक्स-७ च्या ३२ नादांचा संपूर्ण गठ्ठा एका पत्रानें पाठविला, तर पूर्वींचे बत्तीसहि नाद सव्वा सेकंदांत पुसले जातात. वाद्यांत संरक्षणाची सोय आहे, परंतु गठ्ठा घेण्यासाठीं ती काढावीच लागते. जुनें वाद्य विकत घेतलें असेल तर त्यांत पूर्वींच्या मालकानें कित्येक वर्षें जोपासलेले नाद असण्याचा संभव असतो. ते जगांत दुसरीकडे कोठेंहि नसतील. म्हणून पहिल्याच दिवशीं, एकहि फासा टाकण्यापूर्वीं, ते संगणकावर उतरवून घ्यावे. ह्या वाद्यांच्या आंत स्मरण राखणारी एक लहान बॅटरी असते. ती संपली कीं नाद आपोआपहि नाहींसे होतात.

कॉर्ग कंपनीनें २०१६ सालीं काढलेला, सहा लहान सेलांवर चालणारा व्होल्का एफएम हा डीएक्स-७ चींच पत्रें वाचतो, आणि किंमतीच्या दृष्टीनें विद्यार्थ्यांस तो पुष्कळ सोयीचा आहे. पण त्यास मिडीचें पत्र आंत घेण्याचेंच द्वार आहे, बाहेर धाडण्याचें नाहीं. म्हणून त्यावर मिळालेला नाद संगणकाकडे परत आणतां येत नाहीं. पाठवितांनाच आज्ञावलींत जतन करावा लागतो. ह्यासाठीं एक वही घालावी. तींत दिनांक, बीज, घातलेलीं कुंपणें, आणि नाद कशासारखा वाटला त्याचे दोन शब्द लिहावे. 'ओल्या मडक्यावर टिचकी', 'देवळांतली घंटा, पण पाण्याखालीं' अशीं वर्णनें अंकांहून अधिक दिवस लक्षांत राहतात. ह्या जातीच्या वाद्यांत प्रत्येक नादाच्या नांवासाठीं दहा अक्षरांची जागा असते. तीं इंग्रजी अक्षरेंच घ्यावीं लागतात, तरी 'मडकें' हा शब्द त्यांत खुशाल बसतो.